सारख्याच दिसणाऱ्या दोन पिवळ्या शेड: भिंतीवर जायच्या आधी त्यांच्यातला फरक कसा काढायचा

रंगाच्या दुकानात शेड कार्डावरच्या दोन पिवळ्या चौकोनांवर बोट ठेवलं की सोबतचा रंगारी म्हणतो, "दोन्ही सारख्याच दिसत्यात की ओ, कुठली बी घ्या." कार्डापुरतं त्याचं खरं असतं. दीड इंचाच्या चौकोनात फरक कळत नाही. खोली रंगवून होते, रात्री ट्यूब लागते, आणि मग कळतं की एक शेड सायीसारखी ऊबदार राहिली असती आणि आपण घेतलेली कच्च्या लिंबासारखी दिसतेय. आता परत दोन हात मारायचे म्हणजे रंग, मजुरी आणि घरभर पुन्हा धूळ.

म्हणून "दोघींत छान कुठली" हा प्रश्न आधी विचारूच नये. आधी विचारायचं, दोघींत फरक नेमका कशाचा आहे, आणि आपल्या खोलीतला उजेड त्या फरकाचं काय करणार आहे. हे कळलं की आवड आपोआप ठरते. या कामाला चार-पाच दिवस द्या. सामान फारसं नाही: दोन्ही शेडच्या २०० मिलीच्या नमुना डब्या, पाणी घालून वापरायचा थोडा पांढरा प्रायमर, २२ बाय २८ इंचांच्या चार जाड कार्डशीट, चार इंची रोलर, चिकटपट्टी आणि साधा पांढरा कागद.

झाक ओळखा

उबदार पिवळा म्हणून विकली जाणारी प्रत्येक शेड तीनपैकी एका बाजूला झुकलेली असते. तांबूस झाक असलेली, म्हणजे आमरसात दूध ओतल्यावर दिसतो तसा रंग. हिरवट झाक असलेली, पिकायला लागलेल्या लिंबाच्या सालीची. आणि मळकी, म्हणजे गव्हाच्या किंवा पिवडीच्या (पिवळ्या मातीच्या) बाजूची, जिच्यात पिवळेपणा दबलेला असतो. एकटी पाहिली तर तिन्ही पिवळ्याच वाटतात. डोळा फार लवकर सरावतो, समोर जे असेल त्याला "पिवळा" म्हणून टाकतो आणि झाक विसरतो. म्हणून झाक नेहमी कशाच्या तरी शेजारी ठेवूनच पाहायची.

पहिली परीक्षा पांढऱ्या कागदाची. घरातला साधा छपाईचा कागद घ्या, त्यात एक इंचाच्या दोन खिडक्या शेजारीशेजारी कापा आणि दोन्ही शेडवर ठेवा. आजूबाजूचे चौकोन झाकले गेले की डोळ्याला तुलना करायला फक्त पांढरा आणि त्या दोघी उरतात. हे दारात, सावलीत उभं राहून करा; दुकानातल्या ट्यूबखाली नको.

दुसरी परीक्षा कात्रीची. कार्डावर दोन चौकोनांच्या मधे पांढरी रेघ असते आणि ती रेघच फरक लपवते. दुकानदाराकडून सुटे नमुने मागा, कडा कापा आणि दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवा. मधली रेघ गेली की एक तुकडा लगेच दुसऱ्यापेक्षा तांबडा किंवा हिरवा दिसायला लागतो. भिडवूनही सांधा सापडला नाही, तर स्वस्त पडेल ती घ्या आणि हा लेख इथंच सोडा.

तिसरी युक्ती कमी लोक वापरतात. ज्या पट्टीवर आपली फिकी शेड आहे, त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड पाहा. पट्टी बहुधा एकाच कुटुंबाची असते. वर सगळं सायीसारखं दिसत असलं तरी खाली मोहरीच्या लोणच्याच्या खारासारखा रंग निघाला तर कुटुंब मळकं. नारिंगी निघाला तर तांबूस. झेंडूपेक्षा लिंबाकडे गेला तर हिरवट. फिक्या मुलीचा स्वभाव गडद आईवरून कळतो.

सांगलीत हा फरक समजावायला सोपा आहे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मार्केट यार्डातला माणूस हळकुंड मोडून आतला रंग बघूनच भाव बोलतो. बाहेरून हळकुंडं सारखीच, मोडल्यावर एक केशरी आणि एक फिकं पिवळं. शेडच्या बाबतीत हे मोडणं म्हणजे तिचा फॉर्म्युला वाचणं.

मशीनच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं

दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे मोजून थेंब सोडतं. डब्यावर लावायच्या स्टिकरवर किंवा दुकानदाराच्या पडद्यावर त्यांचे संकेत आणि प्रमाण येतं. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे, त्यामुळं "यातला हा कुठला रंग?" एवढंच विचारायचं. बहुतेक दुकानदार सांगतात. गर्दी नसेल तेव्हा जा म्हणजे झालं.

पाहायचं ते असं. पिवळेपणा कुठून आलाय? लोहाच्या पिवळ्या ऑक्साइडमधून आला असेल तर शेड थोडी मातकट, शांत असते. जुन्या घरांत चुन्यात कालवायची ती पिवडी याच जातीची. उन्हाला आणि चुन्याच्या क्षाराला ती दाद देत नाही. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांच्या पिवळ्या रंगद्रव्यातून आला असेल तर शेड स्वच्छ, झगझगीत असते. तिच्या दोन खोडी असतात: खालचं झाकायची ताकद कमी, आणि रोज ऊन येणाऱ्या भिंतीवर ती आधी विटते.

मग सोबतीला काय आहे ते बघा. तांबडा ऑक्साइड किंवा नारिंगी असेल तर तांबूस झाक. काळा असेल तर सावध व्हा. पिवळ्यात काळा पडला की तो नुसता गडद होत नाही, हिरवट होतो. लहानपणी रंगपेटीत पिवळ्यात काळा मिसळून शेवाळी रंग केलेला कुणालाही हे आठवेल. दोन सख्ख्या वाटणाऱ्या शेडपैकी एकीत तांबडा आणि दुसरीत काळा, असं चिठ्ठीवर दिसलं की अर्धं काम झालं: कूल डे लाइटच्या ट्यूबखाली या दोघी एकमेकींपासून लांब जाणार.

कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा मोठ्या शेड पुस्तकात प्रत्येक शेडसमोर प्रकाश परत टाकण्याचा आकडाही असतो. काळ्याला शून्याजवळ, शुभ्र पांढऱ्याला शंभराजवळ. फिक्या पिवळ्या शेड साधारण ७० ते ८५ मध्ये येतात. दोन शेडमध्ये दोन-तीनचा फरक असेल तर तो विसरा. दहाचा असेल तर खोलीत दिवसा दिवा लागणार की नाही हे त्यावर ठरू शकतं, विशेषतः माजघरासारख्या आतल्या खोलीत.

एक ठाम सल्ला. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर "मॅच करून" घेऊ नका. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी तोच पिवळा उन्हात जुळवता येतो, पण तीच जोडी एलईडीखाली फुटते. नाइलाज असेल तर मॅच केलेल्या रंगाचा स्वतंत्र तक्ता करून रात्रीच्या दिव्यात बघा, मगच मोठा डबा उघडायला सांगा.

तक्ते करायचे, भिंतीवर ठिपके नाहीत

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात. जुन्या गुलाबी किंवा पोपटी भिंतीवर हातभर पट्टा मारून "कसा वाटतो" असं पाहिलं जातं. गुलाबीच्या शेजारी कुठलाही पिवळा हिरवट वाटतो, पोपटीच्या शेजारी तोच नारिंगी वाटतो. शिवाय खालचा रंग एका हातात झाकला जात नाही, तो वर येतो. त्या पट्ट्यावरून घेतलेला निर्णय जुन्या भिंतीचा असतो, नव्या रंगाचा नाही.

कार्डशीट टेबलावर चिकटपट्टीनं चारी बाजूंनी ताणून लावा. एकाच बाजूनं ओली झाली की ती पापडासारखी वळते, म्हणून आधी मागच्या बाजूला प्रायमरचा एक पातळ हात मारून वाळवा. मग पुढून प्रायमर, आणि त्यावर शेडचे दोन हात. पाणी मोजून घाला: डब्यावर ४० टक्के लिहिलं असेल तर १०० मिली रंगाला ४० मिली, दोन्ही शेडना त्याच मापानं. एकीत जास्त पाणी गेलं की ती फिकी दिसणार आणि दोष शेडला लागणार. दोन हातांमध्ये चार तास ठेवा. शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस तक्त्याकडे बघूच नका. इमल्शन ओलं असताना वेगळं दिसतं आणि वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. पिवळ्यात हा बदल फसवा असतो, कारण गडद होताना झाकही पुढं येते.

कडेला पांढरी पट्टी सोडू नका. भिंतीला कडेला पांढरी किनार नसते. तक्ता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरा आणि मागं पेन्सिलीनं शेडचा नंबर लिहा. दोन्ही तक्ते सारखेच दिसतात म्हणून तर हा खटाटोप. नंबर नाही लिहिला तर दुसऱ्या दिवशी कुठला कुठला हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

२२ बाय २८ इंचांची एक शीट म्हणजे सव्वाचार चौरस फूट. दोन हातांना १ लिटर रंग साधारण १२० चौरस फुटांना पुरतो असं धरलं तर २०० मिलीत २४ चौरस फूट होतात. म्हणजे प्रत्येक शेडच्या दोन शीट आरामात होतात आणि डबीत रंग उरतो. दोनच का? कारण पुढची परीक्षा दोन शीटशिवाय होत नाही.

एकाच शेडच्या दोन शीट खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभ्या करा, पुस्तक अर्धं उघडल्यासारख्या. आता त्या घडीत बघा. कडेला फिका सायीचा रंग आहे, आणि आत सांध्यापाशी तोच रंग हळदीच्या दुधासारखा दाटलेला आहे. रंग तोच, डबी तीच. पिवळी भिंत उजेडातला निळा भाग गिळते आणि उरलेला पिवळसर उजेड समोरच्या भिंतीवर फेकते. तिथं आणखी थोडा निळा गिळला जातो. चार भिंतींच्या खोलीत हे सतत चाललेलं असतं. म्हणून कार्डावर जेमतेम दिसणारा पिवळा खोलीत अंगावर येतो, आणि पिवळ्या रंगाबद्दलच्या तक्रारींचं बहुतेक मूळ याच घडीत आहे. दोन शेडपैकी जिची घडी तुम्हाला अजून सुसह्य वाटते, ती खोलीत सुसह्य वाटेल. कडेचा रंग बघून निवडू नका, घडीचा बघून निवडा.

खोलीतला उजेड

तक्ते जमिनीवर आडवे टाकून पाहू नयेत. भिंत उभी असते, तक्ताही उभाच हवा. प्रत्येक शेड तीन जागी ठेवून बघा: खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर (ही सगळ्यात अंधारी असते), आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यात. वेळा चार: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ. एक दिवस दोन्ही शेड शेजारीशेजारी, फरक कळण्यासाठी. मग एक दिवस फक्त पहिली, एक दिवस फक्त दुसरी, कारण राहायचं एकीसोबतच आहे. खोलीत पाऊल टाकताक्षणी मत बनवू नका, पाच मिनिटं बसा.

इंग्रजीतून आलेल्या सल्ल्यात उत्तरेकडची खोली थंड, निळसर उजेडाची असं सरसकट लिहिलेलं असतं. ते लांब उत्तरेकडच्या देशांचं गणित आहे. सांगली जवळपास १७ अक्षांशावर आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इथं सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तर भर दुपारीही तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीतून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि थंडीत अजिबात येत नाही. एकाच खोलीचे दोन स्वभाव. जानेवारीत पारखलेली शेड मेमध्ये जास्त भडक वाटली तर नवल नाही. अशा खोलीत दोघींपैकी मळकी शेड घ्यावी.

पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीननंतर पिवळा पेटतो. तिथं तांबूस झाकेची शेड संध्याकाळी सहाला चक्क नारिंगी दिसते. पूर्वेच्या खोलीत उलट: सकाळी सगळंच सुंदर, दुपारनंतर हिरवट झाक वर येते. म्हणून पूर्वेच्या खोलीचा निर्णय सकाळी घेऊ नये.

पण दिशेपेक्षाही खिडकीबाहेर काय आहे ते महत्त्वाचं. वाळवा, पलूस, कराड या तालुक्यांत कितीतरी घरांची खिडकी थेट उसावर उघडते. उभ्या उसावरून परतलेला उजेड हिरवा असतो आणि तो खिडकीसमोरच्या भिंतीवर पडतो. हिरवट झाकेची शेड अशा खोलीत आजारी दिसते. तांबूस झाकेची नेमकी ताळ्यावर येते. तोड झाली की बाहेर पाचट आणि काळी माती उरते आणि खोलीचा रंग महिनाभरात बदलल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात सोप्याला निळी ताडपत्री बांधायची सवय असेल तर तेही ध्यानात ठेवा: निळा उजेड पिवळ्यावर पडला की शेवाळी छटा आलीच. शेजारची भिंत टोमॅटोसारखी लाल असेल, तर तिथं याच्या उलट.

खालची फरशीही तसंच करते. शहाबादी करडी असते, पिवळ्याशेजारी ती निळसर वाटते आणि भिंत आणखी पिवळी भासते. हिरवट कोटा फरशी आणि हिरवट झाकेची शेड एकत्र आणू नका. पांढऱ्या टाइल्स उजेड वर फेकतात, त्यामुळं भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग जास्त फिका दिसतो, चालायचंच.

रात्रीचा निर्णय दिव्याचा असतो. बहुतेक घरांत ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप), खोक्यावर कूल डे लाइट लिहिलेली एलईडी ट्यूब असते. तिच्यात निळा भाग जास्त, त्यामुळं हिरवट आणि मळक्या शेड फिक्कट, कधी कधी करड्या दिसतात. ३००० केल्विनच्या वॉर्म व्हाइटखाली दोन्ही शेड ऊबदार होतात आणि त्यांच्यातला फरक जवळजवळ मिटतो, कारण दिवा स्वतःच पिवळा आहे. खोलीत फक्त वॉर्म दिवे लावणार असाल तर रात्रीपुरता दोन शेडचा वाद व्यर्थ आहे. ४००० केल्विनचा दिवा मधला, आणि पिवळ्या भिंतीला सगळ्यात प्रामाणिक. कधी कधी शेड बदलण्यापेक्षा ट्यूब बदलणं स्वस्त पडतं, हे दुकानदार सांगणार नाही.

मग कुठली घ्यायची

चार दिवसांनी बहुधा एकच शेड तगून राहते. नाही राहिली तर असं ठरवा. दोन्ही आवडल्या असतील तर जी कमी पिवळी आहे ती घ्या. पिवळा कमी पडला म्हणून खोली पुन्हा रंगवणारा माणूस विरळा, जास्त झाला म्हणून रंगवणारे ढिगानं. दोघी सारख्याच कमी पिवळ्या असतील तर ऑक्साइडवाली घ्या, ती झाकते चांगली आणि टिकते. स्वयंपाकघर असेल तर मळकी. फोडणीची तेलकट वाफ वर्षभरात कुठल्याही भिंतीला थोडं पिवळं करते आणि स्वच्छ शेडवर ते डागासारखं उठतं, मळकीत मिसळून जातं. दहा बाय दहापेक्षा लहान खोलीत निवडलेल्या शेडपेक्षा त्याच पट्टीतली एक पायरी वरची, म्हणजे फिकी, घ्या.

छताचा पांढरा इथंच ठरवा. रंगारी सवयीनं निळीकडे झुकणारा पांढरा मारतात, कारण तो शुभ्र दिसतो. पिवळ्या भिंतींवर असं छत आलं की भिंती जुनाट वाटायला लागतात. किंचित सायीकडे झुकलेला पांढरा सांगा.

ओल, लोणा आणि क्षार

तक्त्यावर जमलेली शेड ओल्या भिंतीवर जमत नाही. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ साली आलेल्या महापुरांचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथल्या भिंतींत क्षार बसलेले असतात. भिंत वाळताना ते पांढऱ्या बुरशीसारखे वर येतात, त्याला आपण लोणा म्हणतो. पांढऱ्या भिंतीवर लोणा लपतो, पिवळ्यावर पिठासारखा दिसतो. ओलीचा डागही पिवळ्यावर जास्त गडद उमटतो.

तपासायची पद्धत सोपी. दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक भिंतीला लावा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण सोळा तासांनी, काढा. आतून थेंब दिसले किंवा भिंत तेवढ्या भागात गडद झाली, तर रंग पुढं ढकला. जमिनीपासून तीन फुटांच्या आत एक आणि छाती इतक्या उंचीवर एक, अशा दोन जागी करा. फक्त खाली ओल असेल तर ती जमिनीतून चढतेय. तिच्यावर कुठलाही प्रायमर उपाय नाही, आधी कारण काढा. लोणा ओल्या फडक्यानं पुसू नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा.

नवं प्लास्टर असेल तर निदान महिनाभर पाणी मारून आणि वाळवून झाल्यावरच पुढं जा, आणि क्षार बघा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे प्रत्येकाला माहीत आहे. हळदीत चुना घालून कुंकू होतं तेही त्याच कारणानं. चमचाभर हळद हात धुवायच्या सॅनिटायझरमध्ये कालवा, पांढऱ्या कागदाची पट्टी त्यात बुडवून वाळवा. भिंतीचा कोपरा स्वच्छ पाण्यानं ओला करून पट्टी मिनिटभर दाबून धरा. विटकरी लाल झाली तर भिंतीतला चुन्या-सिमेंटचा क्षार अजून तिखट आहे. सिमेंटची पुट्टी मारलेली भिंत जवळजवळ नेहमीच लाल दाखवते, म्हणून पुट्टीवर क्षार झेलणारा प्रायमर चुकवू नका. सेंद्रिय पिवळ्याच्या शेडला तर नाहीच नाही.

गावभागातल्या जुन्या दगडमातीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती हा वेगळा विषय आहे. त्यांच्यावर प्लास्टिक इमल्शन चढवलं की आतली ओल कोंडते आणि पोपडे धरतात. तिथं दोन शेडमध्ये वेळ घालवण्यापेक्षा चुन्यात पिवडी कालवून मारलेली बरी.

आणखी एक सावधगिरी. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची शक्यता बरीच. असे दरवाजे आणि पट्टे कोरडे घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरनं घासा, लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा, आणि निघालेला चिखल फडक्यानं गोळा करून टाका.

किती रंग, कसा घ्यायचा

दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली: परिमिती ४४ फूट, भिंती ४४० चौरस फूट. तीन बाय सातचं दार २१, चार बाय चारची खिडकी १६ वजा केली की ४०३ उरतात. १२० चौरस फुटांना एक लिटर या हिशेबानं ३.४ लिटर, म्हणजे ४ लिटरचा डबा. पण स्वच्छ, कमी झाकणारी शेड निवडली असेल किंवा खाली जुना निळा, हिरवा डिस्टेंपर असेल तर तिसरा हात लागतो आणि हिशेब पाच लिटरच्या पुढं जातो. दोन शेडमधला पैशाचा खरा फरक लिटरच्या दरात नसतो, तो या तिसऱ्या हातात असतो. जुन्या निळ्यावर थेट पिवळा मारून तिसऱ्या हातानं झाकू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आधी पांढऱ्या प्रायमरनं निळा पूर्ण मारा.

सगळा रंग एकाच दिवशी, एकाच मशीनवर मिसळून घ्या. नमुना डबी ज्या फिनिशची होती तेच फिनिश मागा. मॅट आणि चकाकीचं इमल्शन एकाच नंबरात वेगळं दिसतं. दुकान सोडायच्या आधी डबा उघडायला लावा, कार्डाच्या तुकड्यावर थोडा रंग ओढा, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवा आणि घरून आणलेल्या तक्त्याला भिडवा. मशीन थेंब चुकतं, बेस चुकीचा निघतो. परत करायचा तर इथंच, भिंतीवर गेल्यावर कुणी ऐकत नाही. स्टिकरचा फोटो काढून ठेवा. दोन डबे असतील तर दोन्ही एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळूनच सुरुवात करा, नाहीतर एका भिंतीच्या मधेच डबा बदलल्याची रेघ दिसते.

रंगवताना पिवळ्याची एकच मोठी खोड: कडा. रंगारी आधी सगळ्या कडा ब्रशनं काढून ठेवतो आणि जेवून आल्यावर रोलर फिरवतो. ब्रशचा थर जाड, रोलरचा पातळ, आणि मधल्या वेळात कड वाळलेली. छताशी आणि कोपऱ्यांत गडद चौकट उमटते. एका वेळी एकच भिंत, कड ओली असतानाच रोलर तिच्यावर दोन इंच चढवायचा. आणि पाणी मापानंच, दुसऱ्या हाताला जास्त पाणी घालायची सवय मोडा.

अर्धा लिटर रंग उरवा. डब्यात तळाला ठेवला तर वर साय धरते, म्हणून काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावा, बाहेर शेडचा नंबर, फिनिश आणि तारीख लिहा, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर नको, सावलीच्या कपाटात ठेवा. वर्षभरात खरचटलं तर या रंगानं तेवढाच ठिपका दुरुस्त होतो. त्यानंतर भिंतीनं ऊन खाल्लेलं असतं आणि ठिपका वेगळा उठतो. तेव्हा तीच बरणी त्या एका भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात मारायला वापरा. कोपऱ्यात घडीचा रंग तसाही दाट असतो, त्यामुळं जुना-नवा सांधा तिथं नजरेला सापडत नाही.